गॅस गीझर दर शुक्रवारी पेटत नसेल तर: पार्ट बदलण्याआधी पाणी तपासा

आमच्या घरच्या गॅस गीझरने सलग दोन हिवाळे एकाच पद्धतीने छळलं. आठवडाभर नीट चालायचा आणि शुक्रवारी सकाळी नळ उघडला की नुसतं टिक-टिक-टिक. कधी तेही नाही. नळ बंद करून पुन्हा उघडला की तिसऱ्या-चौथ्या खेपेला 'भप्प' करून पेटायचा, आणि अंगावर दोन तांबे घेतात न घेतात तोच विझायचा. आईचं वय ७५. डिसेंबरातल्या एका सकाळी अंगाला साबण लावलेला असताना ती गार पाण्यापाशी अडकली आणि तिने आतून हाक मारली. त्या दिवशी ठरवलं, आता हे मुळापासून शोधायचं.

तोवर आम्ही सेल तीनदा बदलले होते. एका मेकॅनिकने मायक्रोस्विच, म्हणजे पाणी वाहू लागल्यावर ठिणगी चालू करणारा छोटा स्विच, बदलला. दुसऱ्याने "कॉइल गेलीय साहेब" म्हणून सोलेनॉइड, म्हणजे विजेवर गॅस उघडणारा छोटा व्हॉल्व, बदलला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गीझर चार-पाच दिवस छान चालायचा, म्हणून आम्हाला वाटायचं की झालं काम. नंतर लक्षात आलं की मेकॅनिक नेहमी शनिवारी यायचा, आणि शनिवारी आमचा गीझर एरवीही चालतच असायचा.

आम्ही राहतो पुण्यात, सहकारनगरात, जुन्या चार मजली इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी जवळजवळ आमच्या डोक्यावर आहे. तळमजल्यावरच्या लोकांना वाटतं, टाकी जवळ म्हणजे तुमची मजा. गीझरच्या बाबतीत नेमकं उलट आहे. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. आमच्या गीझरपासून टाकीतल्या पाण्याची पातळी टाकी भरलेली असताना जेमतेम ३ मीटर वर असते, म्हणजे दाब ०.३ बार. टाकी तळाला गेली की ती उंची २ मीटरवर येते. तळमजल्यावर १ मीटर कमी झालं तर कुणाला कळतही नाही. आमचा मात्र तिसरा हिस्सा दाब गेलेला असतो.

आता गुरुवार आठवा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की बहुधा गुरुवारच असतो, आणि सूचनेत पुढचं वाक्य ठरलेलं असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. गुरुवारी सगळी इमारत टाकीवर जगते. शुक्रवारी पहाटे टाकी तळाला, आणि तळाशी बसलेला गाळ पाइपात. आमच्या गीझरचा 'शुक्रवार' तिथून येत होता. गॅस आणि वीज दोन्ही ठीक होते.

गीझर पेटतो कसा, हे एकदा समजून घ्या. म्हणजे मेकॅनिक जे सांगेल ते पडताळता येईल. थंड पाणी आत शिरतं तिथे एक बारीक जाळी असते. पुढे पाणी वॉटर व्हॉल्वमध्ये जातं. या व्हॉल्वच्या पोटात रबराचा एक गोल पडदा आहे, त्यालाच सगळे डायफ्रॅम म्हणतात. पाणी पुरेशा वेगाने वाहिलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा फुगतो आणि मधली पिन पुढे ढकलतो. ती पिन गॅसचा रस्ता यांत्रिकपणे उघडते आणि मायक्रोस्विचची पट्टी हलवते. मग इग्निशन बॉक्स जागा होतो, ठिणग्या टाकतो आणि सेलच्या विजेवर सोलेनॉइड उघडतो. ज्योत लागली की सेन्सरची काडी बॉक्सला 'लागली' म्हणून कळवते आणि टिक-टिक थांबते. या साखळीची पहिली कडी पाणी आहे. तीच ढिली असेल तर पुढचे सगळे पार्ट नवेकोरे घातले तरी उपयोग नाही.

म्हणून पहिली तपासणी बादलीची. खरं तर एक लिटरच्या मापाची. गॅस बंद ठेवा, गीझरमधून येणारा गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा आणि मापाखाली धरून मोबाइलवर सेकंद मोजा. एक लिटर २० सेकंदांत किंवा त्याआधी भरलं तर मिनिटाला ३ लिटर प्रवाह आहे. बहुतेक घरगुती गीझर तेवढ्यावर पेटतात. आमच्याकडे शुक्रवारी सकाळी एक लिटर भरायला ३१ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला २ लिटरच्याही खाली. शनिवारी टाकी भरलेली असताना तेच माप १९ सेकंदांत भरलं. दोन वर्षांचं कोडं दोन आकड्यांत सुटलं. मोजमाप त्रास होतो त्याच दिवशी, त्याच वेळी घ्या. दुपारी निवांत घेतलेलं माप काहीच सांगत नाही.

प्रवाह कमी भरला तर गीझरच्या आधीच्या वस्तू एकेक करून बघा. भिंतीतला अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का? आमच्या कॉकचा वॉशर फुगून निम्मा रस्ता अडवत होता, आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गीझरकडे येणारी लवचीक नळी पिळली गेली आहे का? मग इनलेटची जाळी. गीझरखालचा पाण्याचा नट सोडला की ती हाताला लागते. आमच्या जाळीवर चॉकलेटी गाळ आणि टाकीतल्या पोपड्यांचे तुकडे होते. जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांत साफ झाली. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ येतं तेव्हा ही जाळी महिन्यातून एकदा बघावी. त्यानंतर शॉवर. शॉवरच्या चाळणीची भोकं क्षारांनी बुजली की गीझरमधून वाहणारं पाणीही कमी होतं. नळाखाली बादली लावल्यावर गीझर पेटतो आणि शॉवरवर पेटत नाही, अशी तक्रार असेल तर दोष शॉवरचाच.

हिवाळ्यात आपल्याच हातून होणारी एक चूक इथे सांगितली पाहिजे, कारण ती मी घरोघरी पाहिली आहे. पाणी पुरेसं गरम लागत नाही म्हणून माणूस गरम नळ बारीक करतो. कमी पाणी, जास्त गरम, हा हिशोब बरोबर आहे. पण नळ एका मर्यादेखाली बारीक केला की डायफ्रॅम मागे सरकतो आणि ज्योत जाते. त्यात गार पाण्याचा नळ मोठा उघडून मिसळायला गेलं की एकाच मिक्सरवरच्या गरम लाइनचा प्रवाह आणखी पडतो. नळ पूर्ण उघडा ठेवा आणि गरमपणा गीझरच्या नॉबने ठरवा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १०.५ किलोवॅट उष्णता लागते, आणि छोट्या गीझरची ताकद जवळपास तेवढीच असते. टाकीतलं पाणी १७ अंशांचं असेल तर पूर्ण धारेला ४२ अंश मिळतील. अंघोळीला तेवढं पुरतं.

पाणी ठीक निघालं तर पुढचा प्रश्न: गीझर किती वेळाने विझतो? याचं उत्तर घड्याळ लावून काढा, अंदाजाने नको.

पेटतो आणि पाच-सात सेकंदांत विझतो, पाणी मात्र चालूच आहे, तर संशय सेन्सरच्या काडीवर. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहते, ती या काडीला मिळाली तरच बॉक्स गॅस चालू ठेवतो. काडीवर काजळी किंवा पांढरा थर बसला की बॉक्सला ज्योत दिसत नाही आणि तो गॅस तोडतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने काडी हलकेच घासा, तिची पिन घट्ट बसवा. काडी वाकवू नका, ती ज्योतीतच राहिली पाहिजे.

तीन-पाच मिनिटं चालून विझतो, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा पेटतो, तर ओव्हरहीट स्विच आपलं काम करतोय. ज्योतीवर पाणी जिथे तापतं त्या तांब्याच्या नळ्यांच्या भागाला, म्हणजे हीट एक्स्चेंजरला, चिकटलेली ती छोटी गोल चकती. ती बदलण्याची किंवा वायर जोडून बायपास करण्याची घाई नको. बायपास तर कधीच नको. पाणी आत का उकळतंय ते शोधा. बहुतेक वेळा नळ्यांमध्ये क्षार साचलेले असतात.

बरोबर २० मिनिटांनी विझत असेल तर तो दोष नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी तेवढ्या वेळाचा टायमर असतो. नळ बंद करून पुन्हा उघडला की चालू होतो. आणि घरात कुणी फ्लश ओढला की विझत असेल, तर परत पाण्याच्या दाबाकडे या.

पेटतच नाही, तेव्हा कान लावा. टिक-टिक अजिबात नाही: सेल, मायक्रोस्विच किंवा डायफ्रॅम. टिक-टिक आहे पण त्यासोबत येणारा सोलेनॉइडचा 'टक्' नाही: आधी सेल, मग सोलेनॉइड. दोन्ही आवाज आहेत पण ज्योत नाही: गॅस पोहोचत नाही किंवा ठिणगी चुकीच्या जागी पडते आहे. सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा अडकल्याने पहिल्या दोन-तीन वेळा असं होतं, ते आपोआप सुटतं.

सेलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. दोन जाडे सेल, मिळून ३ व्होल्ट. मल्टिमीटर नुसता लावला तर जुने सेलही २.८ दाखवतात आणि माणूस म्हणतो की सेल चांगले आहेत. ठिणगी पडत असताना मोजा. तेव्हा आकडा धाडकन २ च्या आसपास उतरला तर सेल संपलेत. टिक-टिकला थोडी वीज पुरते, सोलेनॉइड ओढायला एका क्षणी जास्त लागते, म्हणून नुसता आवाज येत राहतो. अल्कलाइन सेल घ्या, दोन्ही एकाच वेळी बदला. सेलच्या डबीतल्या स्प्रिंगवर हिरवा किंवा पांढरा थर असेल तर घासून काढा. गीझर बराच काळ वापरणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा. मायक्रोस्विच घ्यायला तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, गेलात तर मापासाठी जुना स्विच सोबत नेऊन जुळवून घ्या. दिसायला सारखे असले तरी पट्टीची लांबी वेगळी असते, आणि काही दाबल्यावर जोडले जातात तर काही सोडल्यावर.

आता डायफ्रॅम. आमच्या घरी प्रवाह सुधारल्यावरही शुक्रवारी एखादवेळी अडायचंच, म्हणून हा उघडला. त्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, पाण्याचा कॉक बंद, नळ उघडून आतलं पाणी रिकामं. वॉटर व्हॉल्वचं झाकण स्क्रूंवर असतं. काही मॉडेलमध्ये पाण्याची बाजू स्वतंत्र उघडता येते. तुमच्या मॉडेलमध्ये त्यासाठी गॅसचा भाग सुटा करावा लागत असेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

झाकण निघालं तेव्हा आतला रबर वरून अगदी धडधाकट दिसत होता. ट्यूबलाइटसमोर धरून हलकाच ताणला, तर घडीच्या कडेला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. तेवढ्या भोकातून दोन बाजूंचा दाब एक होत होता. टाकी भरलेली असताना जास्तीचा दाब ती गळती झाकून टाकायचा, टाकी खाली गेली की नाही. रबराची कडाही कडक झाली होती, नखाने दाबली तर मऊ पडत नव्हती. पिन बोटाने ढकलली तर करकर करत सरकली. तिच्यावर पांढरे क्षार होते. कापडाने पुसून अगदी थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, मशीनचं तेल यातलं काही लावू नका, रबर फुगतो.

नवा डायफ्रॅम घेताना जुना सोबत न्या. व्यास, कडेची भोकं आणि मधली चकती तिन्ही जुळायला हवीत. बसवताना चकतीचं तोंड पिनेकडे, आणि रबरातलं छोटं भोक व्हॉल्वच्या भोकाशी जुळलेलं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर रबर सुरकुततो आणि कडेने पाणी झिरपतं. गॅस बंदच ठेवून पाणी सोडा, पाच मिनिटं टिश्यू पेपर लावून गळती बघा, पिन पुढे येते आणि नळ बंद केल्यावर मागे जाते का ते बघा. मागे जाणं जास्त महत्त्वाचं. पिन अडकली तर नळ बंद करूनही बर्नर पेटलेला राहतो आणि पाणी वाहत नसताना एक्स्चेंजर तापत जातो. कुणाच्याही गीझरमध्ये असं दिसलं तर आधी गॅस बंद करा. दुरुस्तीपर्यंत तो गीझर वापरू नका.

संपूर्ण गीझरमध्ये हा सगळ्यात स्वस्त पार्ट असावा. आम्ही त्याआधी दोन महागडे बदलून बसलो होतो.

क्षारांचं गणित पुण्यात पेठेगणिक, उपनगरागणिक बदलतं. खडकवासला धरणाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आहे, ते मिळतं तिथे एक्स्चेंजर वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. माझी बहीण वाघोलीला राहते, तिच्या सोसायटीत बोअर आणि टँकरवर भिस्त आहे. तिचा गीझर पेटल्यावर आतून चहाचं आधण ठेवल्यासारखा खदखद आवाज यायचा आणि गरम पाण्याची धार दिवसेंदिवस बारीक होत गेली. थर असा वाजतो. तिथे लिंबूसत्त्व कामाला येतं: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. गॅस बंद करून, सेल काढून, गीझरमधलं पाणी सोडून द्या. मग आउटलेटला नळी जोडून, ती वर धरून, फनेलने हे पाणी आत भरा. बुडबुडे येतात. तासभर ठेवून सोडून द्या, बुडबुडे येतच असतील तर पुन्हा भरा, शेवटी भरपूर साधं पाणी वाहू द्या. फरशी साफ करायचं ॲसिड इथे वापरू नका. ते क्षारांबरोबर तांबं, पितळ आणि जोडांवरची झाळही खातं. बहिणीकडे दर सहा महिन्यांनी हे करतो, आमच्याकडे तीन वर्षांत एकदाही गरज पडली नाही.

गॅसच्या बाजूला मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नये. गॅस व्हॉल्व, जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड), गॅसचे जोड, हे प्रशिक्षित माणसाचं काम. आपण फक्त बघायचं. ज्योत निळी आणि टोकं स्थिर हवीत. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नरला हवा कमी पडतेय. ड्राय बाल्कनीत कबुतरांचा वावर असेल तर पिसं आणि काड्या बर्नरपर्यंत जातात, कोळिष्टकंही धरतात. 'भप्प' आवाज करून पेटणं त्यातूनही येतं. तो आवाज यायला लागला की सर्व्हिसिंग पुढे ढकलू नका. सध्या अनेक सोसायट्यांत एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड) पाइप गॅस येतोय. सिलिंडरचा जुना गीझर तसाच त्यावर जोडला तर ज्योत मरतुकडी राहते, कारण पाइप गॅसच्या जेटची भोकं मोठी लागतात. उलट केलं, म्हणजे पाइप गॅसचा गीझर सिलिंडरवर लावला, तर ज्वाळा बाहेर येतात. जेट बदलणं गीझर कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. नारिंगी सुरक्षा नळीवरची तारीख बघा आणि पाच वर्षांनी ती बदला. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं एवढं मात्र प्रत्येकाने करावं. काडी पेटवून कधीही बघू नये. गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडा, सिलिंडर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आणि गीझर बाथरूमच्या आत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. बंद जागेत ज्योत प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येते, डोकं दुखतं, आणि दाराची कडी काढायची शुद्ध उरत नाही. ड्राय बाल्कनीत गीझर असलेल्यांनीही हे वाचावं. थंडी आणि कबुतरं नकोत म्हणून तिला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या की ती बाल्कनी राहत नाही, बंद खोली होते. आमच्या शेजारच्या काकांनी अशा खिडक्या लावल्या होत्या. त्यांना समजावून वरच्या दोन काचा काढायला लावल्या आणि तिथे जाळी बसवली.

आमच्या शुक्रवारचं शेवटी असं झालं. अँगल कॉक नवा, जाळी साफ, डायफ्रॅम नवा, आणि टाकीपासून गीझरपर्यंत अर्धा इंचाऐवजी पाऊण इंच पाइप, दोन एल्बो (पाइपाची वळणं) कमी करून. सोसायटीला सांगून टाकी धुऊन घेतली. परवाच्या शुक्रवारी, टाकी तळाला असताना, एक लिटरचं माप २१ सेकंदांत भरलं आणि गीझर पहिल्या टिक-टिकला पेटला. आईची अंघोळ एका दमात झाली.